विनोबा गेले त्या दिवाळीत

"विनोबा गेले ना बाई, त्याच दिवाळीत मले पयल्यांदा भायेर बसवलं," काकू म्हणाल्या. "घरचे समदे पौनारले दर्शनाले गेले. माय म्हने, तू नोको येऊ."

विनोबांचे देहावसान १५ नोव्हेंबर १९८२ रोजी झाले. त्या दिवशी दिवाळीची अमावास्या होती. वर्धा जिल्ह्यातल्या त्या पिढीला ही तारीख कुणी पाठ करायला लावलेली नाही, तरी ती विसरत नाही. काकूंचा जन्म, त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे, 'गांधींच्या शंभरीच्या साली' झालेला. शताब्दी वर्ष २ ऑक्टोबर १९६८ ते २ ऑक्टोबर १९६९. म्हणजे पहिली पाळी आली तेव्हा काकूंना तेरा पूर्ण झाली होती, फार तर चौदाही. पाळी कधी गेली असे विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "नोटा बंद झाल्या त्या दिवाळीच्या आगंमागं." म्हणजे २०१६चा शेवट, वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, पण दोन दिवाळ्यांच्या मध्ये एका बाईची चौतीस वर्षे अचूक बसली.

अल्लीपूर हे हिंगणघाट तालुक्यातले मोठे गाव. कापूस, तूर, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीन. या गावात मी अनेक वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर एक वही केली आणि ओळखीच्या बायकांना दोनच प्रश्न विचारू लागले : पाळी कधी आली, आणि कधी गेली. याला सर्वेक्षण म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ना नमुना निवडला, ना आकडेमोड केली. वेचणीहून परतणाऱ्या, दळण घेऊन जाणाऱ्या, दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या बायका जे बोलल्या ते टिपले. पण त्या वहीमुळे मला जी पुस्तके आणि अहवाल वाचावे लागले, त्यातून हा लेख झाला.

पहिली अडचण शब्दांची आली. 'मासिक पाळी' हा शब्द माझ्या विद्यार्थिनींचा. त्यांच्या आया 'अडचण' म्हणतात, आज्या 'कावळा शिवला', 'भायेर बसली', 'पोरगी सयानी झाली'. पश्चिम महाराष्ट्रात 'न्हाण आलं', 'पदर आला'. पहिल्या न्हाणाला मखरात बसवण्याची, ओटी भरण्याची रीत जुन्या घरांतून होती. त्याच मुलीला दुसऱ्या महिन्यापासून कोपऱ्यात बसवण्याचीही होती. येण्यासाठी एवढे शब्द, आणि जाण्यासाठी? 'गेली'. फार तर 'विटाळ सुटला'. 'रजोनिवृत्ती' हा शब्द मी वर्गात उच्चारला आहे, पण गावात एकाही बाईच्या तोंडून ऐकलेला नाही. ज्याला नाव नाही त्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जायचे कसे, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

दुसरी अडचण स्मरणाची. पन्नाशीतल्या बाईला पहिल्या पाळीचे वय विचारले की ती 'तेरा-चौदा' असे ठरावीक उत्तर देते. त्यामुळे अभ्यासक एक वेगळी युक्तीही वापरतात. नऊ ते सतरा वयाच्या पुष्कळ मुलींना फक्त 'पाळी सुरू झाली का?' एवढेच विचारायचे, आणि कोणत्या वयाला बरोबर निम्म्या मुली 'हो' म्हणतात ते काढायचे. ते मध्यक वय. आठवणीचा घोळ त्यात येत नाही. वर्तमानपत्रात 'मुली आता दोन वर्षे आधीच वयात येतात' अशी बातमी आली की मी आता आधी हे पाहते, की विचारले कुणाला आणि कसे.

कारण भारतातला बदल प्रत्यक्षात इतका झपाट्याचा नाही. २००५च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणातल्या विवाहित स्त्रियांच्या उत्तरांवरून केलेल्या अभ्यासात, १९५५ ते १९६४ या काळात जन्मलेल्या स्त्रियांचे पहिल्या पाळीचे सरासरी वय १३.८३ वर्षे होते आणि १९८५ ते १९८९ मध्ये जन्मलेल्यांचे १३.६२. दशकाला जेमतेम एक महिना. आमच्या काकू या दोन गटांच्या मधोमध बसतात, अपवाद म्हणून नव्हे. उत्तर युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे वय सोळा-सतराच्या घरात असल्याचे सांगितले जाते आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते तेरावर आले. जुन्या आकड्यांबद्दल वाद आहेत, पण दिशा वादातीत आहे. पोट भरू लागले, गोवर-हगवणीने वाढ खुंटणे कमी झाले, तसतशी पाळी अलीकडे सरकली.

हे 'पोट भरणे' शरीराला कळते कसे? १९७० मध्ये अमेरिकेत रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांनी असे मांडले, की मुलीचे वजन साधारण ४७ किलोच्या आसपास आले की पाळी सुरू होते. पुढे फ्रिश यांनी वजनाऐवजी चरबीच्या प्रमाणावर भर दिला. आमच्याकडच्या कितीतरी मुलींना पस्तीस-अडतीस किलोलाच पाळी येते, त्यामुळे तो आकडा काही टिकला नाही. कल्पना मात्र टिकली. १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले. शरीरात साठा किती आहे याची वर्दी ते मेंदूला देते. साठा पुरेसा आहे असे कळल्याशिवाय मेंदूतला अधश्चेतक, म्हणजे हायपोथॅलॅमस, पुढचे संदेश नेटाने पाठवू लागत नाही. लेप्टिन एकटे पाळी आणत नाही, पण त्याच्या परवानगीशिवाय दार उघडत नाही. मी वर्गात सांगायची ते असे : घरात धान्य किती आहे ते पाहूनच आई पाहुण्याला जेवायला थांबवते. मुली हसायच्या, पण विसरायच्या नाहीत.

दार कधी उघडायचे याचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. एकाच समाजातल्या मुलींमध्ये दिसणाऱ्या फरकातला निम्मा किंवा त्याहूनही अधिक. म्हणून 'हिची कधी येईल?' असे कुणी विचारले की मी उलट विचारते, 'आईची कधी आली होती?' आणि स्तनांची वाढ दिसू लागली का तेही विचारते. तिथून सहसा दोन ते अडीच वर्षांत पाळी येते. उंचीची मोठी उडी पाळीच्या आधी होऊन गेलेली असते. नंतर पाच-सात सेंटीमीटरची भर पडते. पाळी आली म्हणून पोरीला खेळायला पाठवायचे बंद केल्याने उंची वाढत नाही आणि पाठवल्याने खुंटत नाही.

अन्न आणि आनुवंशिकता एवढ्यावर गोष्ट संपली असती तर सोपे झाले असते. पण १९९१ साली स्वीडनमधून एक विलक्षण अभ्यास आला. भारतातून तिथे दत्तक गेलेल्या १०७ मुलींचे पहिल्या पाळीचे मध्यक वय ११.६ वर्षे निघाले. स्वीडिश मुलींचे सुमारे तेरा, आणि भारतातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींचेही बाराच्या पुढेच. म्हणजे या मुली आपल्या मूळ देशापेक्षाही आणि नव्या देशापेक्षाही आधी वयात आल्या. एकीची तर सातव्या वर्षानंतर काही महिन्यांतच. अनाथालयातून पोचताना ज्या सर्वांत खुरटलेल्या होत्या आणि पोचल्यावर ज्यांनी सर्वांत वेगाने वाढ भरून काढली, त्यांना पाळी सर्वांत लवकर. आणि लवकर पाळी म्हणजे हाडांची वाढ लवकर बंद, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणी अखेर बुटक्याच राहिल्या. उपाशी बालपण आणि मग एकदम भरलेले ताट, या जोडीचा शरीर असा अर्थ लावते.

हे वाचले त्या दिवशी मला आमच्याच गल्लीतली घरे दिसू लागली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती बायका आणि त्यांची बाळे यांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो निघाले. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे साडेतीन. पण ही हडकुळी बाळे चरबीच्या बाबतीत तितकी हडकुळी नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. अशी कमी वजनाची मुलगी पुढे बिस्किटे, कुरकुरे, गोड चहा यांवर झपाट्याने भरली, तर स्वीडनला न जाताही तिचा प्रवास त्याच रस्त्याने होऊ शकतो. अल्लीपुरात माझ्या लहानपणी ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण हे रोजचे जेवण होते. शेतात सोयाबीन आले, ज्वारी गेली, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला. पोट पूर्वीपेक्षा भरलेले आहे हे खरे. कशाने, हा वेगळा प्रश्न.

गावाचे उत्तर वेगळे आहे. 'इंजेक्शनच्या कोंबड्या' आणि 'इंजेक्शनचं दूध'. ही समजूत मी शिक्षकांच्या खोलीतही ऐकली आहे. गाईला पान्हा फुटावा म्हणून चोरून दिले जाणारे ऑक्सिटोसिन ही जनावरावर केलेली क्रूरता आहे, पण पोटात गेल्यावर ते पचून नष्ट होते. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती निवडपैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. प्लास्टिक आणि कीटकनाशकांतल्या काही रसायनांवरचा संशय मात्र इतक्या सहज झटकून टाकता येत नाही. कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मला तो झटकायचाही नाही. पण तिथे अजून संशोधनच वादात आहे. उलट टाळेबंदीच्या काळात एक गोष्ट स्पष्ट नोंदली गेली. इटलीत आणि आपल्याकडे पुण्याच्या हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांकडेही अकाली वयात येणाऱ्या लहान मुलींची संख्या एकाएकी वाढली. कोंबड्या त्याच होत्या. बदलले होते ते घरात कोंडणे, बैठेपण, वाढलेले वजन, झोपेचा खेळखंडोबा आणि ताण. यातले नेमके कोणते, ते सुटे करून दाखवणे अवघड आहे.

दुसऱ्या टोकाच्या मुलीही विदर्भात आहेत, आणि त्यांची चर्चा कमी होते. दहावीला आली तरी पाळी नाही, अशा एका विद्यार्थिनीची आई माझ्याकडे 'बाहेरचं काही असंल' म्हणून आली होती. मुलगी पिवळट, वारंवार सांधे दुखणारी. तपासणीत सिकलसेल निघाला. या आजारात पाळी सरासरी दोनेक वर्षे उशिरा येते. आपल्या भागात हा आजार घराघरांत ठाऊक आहे, पण त्याचा पाळीशी असलेला संबंध ठाऊक नाही. मांत्रिकाकडे जाणारे तेवढे पैसे वाचले, याचे मला आजही समाधान आहे.

पाळीचे वय हा एके काळी महाराष्ट्रात राजकारणाचा विषय होता, हे आज सांगितले तर मुलींना खरे वाटत नाही. १८६०च्या दंडसंहितेत संमतिवय दहा होते. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीतल्या नवऱ्याच्या बळजबरीने मेली, आणि ते वय बारा करण्याचा कायदा पुढे आला. विरोधकांचा मुख्य आधार होता गर्भाधान संस्कार. पहिल्या ऋतुदर्शनानंतर ठरलेल्या दिवसांत तो व्हायला हवा; मग मुलीला बाराच्या आत ऋतू आला तर कायदा धर्माच्या आड येईल. टिळक या बाजूने लढले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे उलट बाजू मांडणारे टिपण १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे 'इथल्या मुलींना पाळी कितव्या वर्षी येते' हा शरीरशास्त्राचा प्रश्न एकाएकी सरकारदरबारी येऊन बसला.

युरोपात त्याआधी शंभर वर्षे असे पढवले जात होते, की उष्ण हवेत मुली आठव्या-नवव्या वर्षीच वयात येतात. मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी बंगालमधून आकडे मागवून हवामानाची ही गोष्ट खोटी ठरवली होती. तरी ती अजून जिवंत आहे. एप्रिलच्या विदर्भी उन्हात मी स्वतः ती एका सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून ऐकली. १८९०च्या सुमारास डॉ. मॅन्सेल आणि त्यांच्या सहकारी स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज करून आपल्यासमोर आलेल्या बालपत्नींच्या जखमांची यादीच दिली. या अर्जात सरासरी नव्हती, शरीरे होती. मुद्दा असा होता की पाळी आली म्हणजे शरीर तयार झाले, हेच चूक. कटीची हाडे पाळीनंतरही कित्येक वर्षे वाढत असतात. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि लवकरच त्या वयातही आल्या, पण त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी गर्भाधान होऊ दिले नाही. ते डॉक्टर होते म्हणून त्यांना हे दिसत होते. १८९१ मध्ये संमतिवय बारा झाले. आज कायदा अठरा सांगतो, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

आता माझ्या चुकीबद्दल. प्रजननाचा धडा दहावीच्या विज्ञानात येतो. पाळी येते सातवी-आठवीत. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तर मी हा उशिराचा धडाही 'घरी वाचा' म्हणून उलटून पुढे जात असे. मुलगे समोर बसलेले, मी नवी, आणि शाळेत कुणी हरकतही घेतली नाही. मग एके दिवशी पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात परतलीच नाही. शाळेच्या मागे, तुरीच्या पऱ्हाटीआड बसलेली सापडली. तिला वाटले होते, आतून काही तरी फाटले आणि आता आपण मरणार. अकरावे वर्ष नुकते लागले होते तिला. मी तिला घरी सोडले. तिच्या आईने मला जे विचारले ते अजून ऐकू येते : "तुमी तं सायन्सच्या मॅडम ना?"

वर्ध्यातच, आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या २३ गावांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी किशोरींबरोबर काम केले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार, सुरुवातीला फक्त ३५ टक्के मुलींना पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहिती होती. तीन वर्षांनी ते प्रमाण ५५ वर गेले, आणि तयार पॅड वापरणाऱ्या ५ टक्क्यांवरून २५ टक्के झाल्या. मला यातला पहिला आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. पॅड दुकानात मिळतो. आधी सांगणारे माणूस दुकानात मिळत नाही.

वहीचे दुसरे पान, 'कधी गेली', भरायला मला अधिक वेळ लागला. स्त्री जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा-वीस लाख अंडपुटके असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. रजोनिवृत्तीच्या वेळी हजारभर. म्हणजे ही शिदोरी आईच्या पोटातच बांधलेली आणि तेव्हापासूनच संपत आलेली. बारा महिने सलग पाळी आली नाही म्हणजे ती गेली, असे वैद्यक मानते. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी एकावन्नाव्या वर्षी घडते. भारतात, इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीनुसार, ४६.२ व्या वर्षी. पाच वर्षांचा हा फरक लहान नाही. हाडे आणि हृदय यांना इस्ट्रोजेनचे जे छत्र मिळते, ते आपल्या बायकांच्या डोक्यावरून तेवढी वर्षे आधी निघून जाते.

कशामुळे? धूम्रपानाने पाळी वर्ष-दोन वर्षे आधी जाते हे पक्के ठाऊक आहे. आमच्याकडे बायका विडी क्वचित ओढतात, पण नस, गुडाखू आणि खर्रा यांना कोण मोजतो? बालपणीची उपासमार, गरिबी, कमी शिक्षण यांचाही संबंध दिसतो. जास्त बाळंतपणे झालेल्या बायकांची पाळी किंचित उशिरा जाते. आणि आरंभ व शेवट यांनाही एक धागा जोडतो. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या गीता मिश्रा यांच्या गटाने २०१७ मध्ये अनेक देशांतल्या ५१,४५० स्त्रियांच्या माहितीवरून दाखवले, की अकराव्या वर्षी किंवा त्याआधी पाळी आलेल्यांमध्ये ती चाळिशीच्या आत जाण्याचा धोका ८० टक्क्यांनी अधिक असतो. पाचवीतल्या त्या मुलीची आठवण मला इथेही आली. लवकर पाळी म्हणजे केवळ लाजेचा प्रसंग नव्हे.

पण या सगळ्या कारणांच्या आधी एक साधे कारण आहे, आणि ते आकड्यांत लपून बसते. राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या दर दहा बायकांत एक 'रजोनिवृत्त' दिसते. पूर्वीच्या पाहणीच्या आधारे तिशीतल्या बायकांची पाळी जात असल्याच्या बातम्याही आल्या. व्याख्या पाहिली तर तिथे सहा महिने पाळी न आलेल्या बायका मोजलेल्या, आणि गर्भाशय काढलेल्याही त्यांच्यातच. गेली आणि काढली, दोन्ही एकाच रकान्यात. चौथ्या पाहणीत पहिल्यांदा गर्भाशय काढण्याबद्दल वेगळे विचारले गेले, तेव्हा देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ३.२ टक्के बायकांची ती शस्त्रक्रिया झालेली निघाली, आंध्र प्रदेशात ८.९ टक्के. शस्त्रक्रियेचे मध्यक वय चौतीस. दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी दवाखान्यांत.

माझी धाकटी जाऊ या आकड्यांत आहे. चोविसाव्या वर्षी दुसऱ्या मुलानंतर तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. तेहेतिसाव्या वर्षी अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून एका खाजगी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी दाखवली आणि म्हणाले, पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि नाही तरी तुम्हाला आता तिचा उपयोग काय? आठ दिवसांत पिशवी निघाली. त्या वेळी घरात शिकलेली मी एकटी, आणि मीही 'त्रास तरी संपेल' म्हणाले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची तपासणी प्रसिद्ध केली होती. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. त्यातली कितीतरी दुखणी जंतुसंसर्गाची, गोळ्यांनी बरी होणारी. पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण नव्हे. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग यांत शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण आधी औषध, आधी दुसरा सल्ला. हे मला पंचविशीत ठाऊक असायला हवे होते, कळले साठीत.

गर्भाशयासोबत अंडाशये काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ठेवली तरी ती काही वर्षे अलीकडे सरकते. जावेची ठेवली की काढली, हे तिच्याजवळच्या कागदावर लिहिलेलेच नाही. अडतिसाव्या वर्षी तिला रात्री घामाने जाग येऊ लागली. सगळ्यांनी वाताचे म्हटले. सेहेचाळिसाव्या वर्षी अंगणात घसरून मनगट मोडले. साधे पडणे होते ते.

बीडच्या ऊसतोड मजूर बायकांची गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ बायकांची माहिती आली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा बायकांत एक. नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा पडला की दंड, फडात ना संडास ना पाणी. अशा ठिकाणी पाळी हा कामातला अडथळा ठरतो आणि गर्भाशय ही खर्चाची बाब. आमच्याकडे कापसाची वेचणी किलोवर असते. दंड नाही, पण न वेचलेल्या किलोचा पैसाही नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा असे राज्यांना बजावले. गावातल्या कुणाला ती माहीत असल्याचे मला दिसले नाही. मला स्वतःला ती हा लेख लिहिताना कळली.

काकूंची नात आता सहावीत आहे. त्या दिवशी तीही ओट्यावर बसून सगळे ऐकत होती. तिच्या आईला पाळी बाराव्या वर्षी आली होती, म्हणून मी नातीला सांगितले, की पुढच्या दिवाळीपर्यंत किंवा त्याच्या पुढच्या, केव्हाही येईल. आली की काय करायचे तेही सांगितले. ती म्हणाली, "मले माहीत हाये, ताईनं सांगतलं." काकूंना याचे नवल वाटले.

घरी येऊन वहीत त्यांची नोंद केली आणि जावेचे पान उघडले. 'कधी गेली' या रकान्यापुढे मी वर्षभरापूर्वी 'तेहेतीस' लिहिले होते. जाऊ शेजारीच भाजी निवडत होती. तिला विचारले, हे बरोबर आहे का. ती वाकून पाहू लागली.

"गेली नाही वो ताई," ती म्हणाली. "काढली."

मी त्या रकान्याचे दोन केले.